घरचा लेथ आणि पन्नास मायक्रॉनची चूक

शाबान लागला की आमच्या गल्लीत शेवयांची लगबग सुरू होते. कोल्हापुरात आमच्या घरापासून चौथ्या दारात एक चाची राहतात. त्यांच्या सोप्यात मोटारीवर चालणारं शेवयांचं मशीन आहे. त्या आणि मोहल्ल्यातल्या चार बायका मिळून रमजान ईदपर्यंत शेवया करून विकतात. वर्षभराच्या फीचा आणि औषधपाण्याचा बराचसा खर्च त्या दोन महिन्यांत निघतो.

गेल्या वर्षी त्या मशीनचा शाफ्ट झिजला. वर्कशॉपमध्ये दाखवला तर "काम लहान आहे, आठ दिवस थांबा" असं उत्तर मिळालं. आमच्या घरी छोटा लेथ आहे हे चाचींना माहीत होतं. त्या आल्या आणि म्हणाल्या, "पोरांनो, तुमच्या मशीनवर होईल का?" आम्ही बहीणभाऊ आनंदाने हो म्हणालो. एका संध्याकाळी शाफ्ट तयार केला, चकचकीत पॉलिश केला आणि रॉडचे तेवढे पैसे घेऊन दिला. चाचींनी भरभरून दुआ दिल्या.

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात चाची पुन्हा आल्या. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "बेटा, मशीन बंद पडलंय. कणीक भिजवून ठेवली आहे. ऑर्डर ईदच्या आधीची आहे."

अब्बांनी शाफ्ट काढला. एका बाजूचं बेअरिंग शाफ्टवर सैल बसलं होतं. आतली रिंग शाफ्टवर घसरत राहिली, तापली आणि तिने शाफ्ट खाल्ला. अब्बांनी पेटीतून आपला जुना मायक्रोमीटर काढला. न झिजलेल्या टोकाला माप आलं २०.०० मिलिमीटर. दुसऱ्या बाजूला, झिजलेल्या जागेच्या अगदी शेजारी, जिथे बेअरिंग कधी बसलंच नव्हतं, तिथे आलं १९.९५.

"मोजलं कुठे होतं?" अब्बांनी विचारलं.

"टोकाला."

"आणि आतल्या बाजूला?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. फरक फक्त ०.०५ मिलिमीटरचा, म्हणजे पन्नास मायक्रॉनचा. माणसाचा केससुद्धा साधारण याहून जाड असतो. पण तेवढ्याने पाच घरांचं काम थांबलं. त्या रात्री अब्बा उद्यमनगरात आपल्या जुन्या सोबत्याकडे गेले आणि तरावीहनंतर बसून नवा शाफ्ट करून आणला. वाया गेलेल्या पिठाचे पैसे आम्ही दिले. चाची घेत नव्हत्या, अम्मींनी बळेच त्यांच्या हातात ठेवले.

हा लेख त्यानंतरच्या आठ महिन्यांचा आहे. आम्ही आमचा छोटा लेथ कसा सुधारला, कोणत्या क्रमाने सुधारला आणि काय मुद्दाम केलं नाही, ते इथे सांगत आहोत. अनेक घरांतली मुलं आज अशी छोटी मशीनं घेत आहेत. आमची चूक त्यांना उपयोगी पडावी.

मशीन कसं आहे?

आमचा लेथ टेबलावर मावणारा आहे. चीनमध्ये तयार होणारा हा नमुना जगभर वेगवेगळ्या नावांनी आणि रंगांनी विकला जातो. त्यावर साधारण १८० मिलिमीटर व्यासाचा जॉब फिरू शकतो. दोन सेंटरमधलं अंतर ३०० ते ३५० मिलिमीटर असतं. वजन चाळीस किलोच्या आसपास. ८० मिलिमीटरचा तीन जबड्यांचा चक, डीसी मोटार आणि वेग कमी-जास्त करायला एक बटण.

अब्बा तीस वर्षं टर्नर होते. त्यांचा हात बसला तो हरिहरच्या किर्लोस्कर कारखान्यातून आलेल्या जडशीळ लेथवर. आम्ही हे मशीन घरी आणलं तेव्हा त्यांनी चक हाताने फिरवून पाहिला आणि म्हणाले, "खेळणं चांगलं आहे." मग त्याला हात लावला नाही.

शाफ्टच्या प्रकरणानंतर मात्र ते खुर्ची घेऊन मशीनसमोर बसले. आमच्या वहीत तेव्हा खरेदीची यादी तयार होती: धातूचे गिअर, मोठा चक, आकडे दाखवणारा डिजिटल डिस्प्ले, जास्त ताकदीची मोटार. अब्बांनी यादी वाचली आणि वही मिटली.

"मशीन छोटं आहे, ते चालेल. पण ते कुठे आणि किती चुकतं हे तुम्हाला माहीत नाही, हे चालणार नाही. आधी मोजा. मग बदला. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला."

पहिली खरेदी

पहिली खरेदी झाली ती ० ते २५ मिलिमीटरच्या मायक्रोमीटरची. तोवर आम्ही डिजिटल व्हर्निअरवर विसंबून होतो. त्याच्या पडद्यावर ०.०१ पर्यंत आकडे दिसतात, पण त्याची अचूकता साधारण दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आतबाहेर असते. बेअरिंग बसवायच्या शाफ्टला ते पुरत नाही.

आमच्या शाफ्टवर ६२०४ क्रमांकाचं बेअरिंग होतं. त्याचं भोक २० मिलिमीटर. आतली रिंग फिरणारी असेल तर शाफ्ट २० पेक्षा अगदी किंचित जाड हवा, साधारण २०.००२ ते २०.०१५. बाजारातला २० चा ब्राइट बार आणून तसाच का बसवत नाहीत, हेही तेव्हा कळलं. तो २० पेक्षा थोडा कमीच येतो. म्हणून जाड रॉड घेऊन तो मापात उतरवावा लागतो.

अब्बांनी आणखी एक सवय लावली. जॉब गरम असताना शेवटचं माप घ्यायचं नाही. २० मिलिमीटरचं पोलाद ४० अंशांनी तापलं तर जवळजवळ ०.०१ मिलिमीटरने फुगतं. गरम असताना बरोबर वाटलेला शाफ्ट थंड झाल्यावर कमी भरतो.

मशीनची तपासणी

मग मशीनची परीक्षा घेतली. ॲल्युमिनियमचा २८ मिलिमीटरचा रॉड चकात धरला. टेलस्टॉकचा आधार दिला नाही. मधला भाग कमी करून दोन टोकांना दोन कडी ठेवली, त्यांच्यात १०० मिलिमीटर अंतर. दोन्ही कड्यांवर टूलची जागा न हलवता एकच हलका कट मारला. लेथ सरळ असेल तर दोन्ही कड्यांचा व्यास सारखा यायला हवा. आमच्याकडे फरक आला ०.०४.

टेलस्टॉक लावलेला नव्हता, म्हणजे हा दोष टेलस्टॉकचा नव्हता. तो हेडस्टॉकचा किंवा बेडचा होता. अब्बांनी टेबलाखाली वाकून पाहिलं आणि हसले.

आम्ही लेथ जुन्या लाकडी टेबलावर ठेवला होता. हलू नये म्हणून त्याचे रबरी पाय काढून चारही बोल्ट करकचून आवळले होते. टेबलाचा पृष्ठभाग सपाट नव्हता. बोल्ट आवळताना लोखंडी बेड त्या वाकड्या लाकडाप्रमाणे पिळला जात होता. एवढं जड ओतीव लोखंड पिळलं जाईल असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. पण इथे हिशोब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा असतो.

बोल्ट ढिले केले आणि पुन्हा कट मारला. फरक अर्ध्याहून कमी झाला. एकही रुपया खर्च झाला नव्हता.

नंतर टेबलावर जाड लोखंडी प्लेट बसवली आणि लेथ तिच्यावर ठेवला. एका पायाखाली फट राहत होती. तिथे थंड पेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा कापून घातला. त्याची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. बोल्ट हळूहळू आवळत, प्रत्येक वेळी कट मारून, मोजून पाहिलं. तीन रविवार गेले. शेवटी १०० मिलिमीटरवर फरक ०.०१ वर आला. आमच्या कामाला तेवढं पुरे होतं.

साफसफाई आणि गिब

पुढचा रविवार साफसफाईत गेला. अशी मशीनं कारखान्यातून चिकट ग्रीस फासून येतात. आम्ही ते वरवर पुसून लेथ चालवायला घेतला होता. आता सॅडल, क्रॉस स्लाइड, वरची छोटी स्लाइड सगळं खोललं. ग्रीसमध्ये लोखंडाचा बारीक कीस अडकलेला होता. स्लाइडच्या कडांना धार राहिली होती, ती बारीक कानसने मोडली. रॉकेलने धुऊन, कोरडं करून, पातळ तेल लावून पुन्हा जोडलं.

क्रॉस स्लाइडच्या बाजूला एक पट्टी असते, तिला गिब म्हणतात. स्लाइड आणि तिची खाच यांच्यातली मोकळीक ही पट्टी भरून काढते. तिला बाहेरून छोटे स्क्रू आणि त्यांना लॉक नट असतात. आमची पट्टी खडबडीत होती, स्क्रू कुठे घट्ट तर कुठे ढिले होते. कट मारताना टूल थरथरायचं आणि जॉबवर लाटांसारख्या रेषा उमटायच्या. आम्ही मोटारीला दोष देत होतो.

जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवला, तेलाचे थेंब टाकले आणि पट्टी त्यावर घासून सपाट केली. मग एकेक स्क्रू आवळला. स्लाइड जड झाली की किंचित मागे फिरवायचा, त्याच जागी धरून लॉक नट आवळायचा. हँडल फिरवताना सगळीकडे सारखा, रेशमी ओढा जाणवला पाहिजे. थरथर बरीचशी इथेच गेली.

हँडल उलट फिरवताना थोडं रिकामं फिरतं, त्याला बॅकलॅश म्हणतात. तो पूर्ण घालवायच्या मागे लागू नका, असं अब्बा म्हणाले. थोडा बॅकलॅश प्रत्येक स्क्रूला असतो. माप घेताना नेहमी एकाच दिशेने पुढे यायचं. चुकून पुढे गेलो तर पूर्ण एक फेरा मागे जाऊन पुन्हा यायचं. ही सुधारणा आपल्या हातात करायची असते.

टेलस्टॉक: खरा गुन्हेगार

आता चाचींच्या शाफ्टचं कोडं सुटायचं होतं. तो शाफ्ट आम्ही एका टोकाला चक आणि दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचं सेंटर लावून उतरवला होता. टेलस्टॉककडचं टोक जाड आणि चककडचं बारीक झालं होतं. याचा अर्थ टेलस्टॉकचं सेंटर टूलपासून दूर, मागच्या बाजूला सरकलेलं होतं.

या नमुन्याचा टेलस्टॉक दोन तुकड्यांचा असतो आणि वरचा भाग खालच्यावर आडवा सरकवता येतो. अडचण अशी की, आमच्या लेथवर त्याला पकडणारा स्क्रू खालून आहे. तो ढिला करायचा तर टेलस्टॉक बेडवरून काढावा लागतो. काढायचा, ढकलायचा, आवळायचा, परत बसवायचा, कट मारायचा, मोजायचं. आम्ही हे नऊ वेळा केलं. एकदा योग्य जागी आलं म्हणून आवळलं, तर आवळतानाच सरकलं. ताईने त्या दिवशी पाना खाली ठेवला आणि गच्चीवर निघून गेली. अब्बा काहीच बोलले नाहीत. तिच्यासाठी चहा पाठवला. असरनंतर ती परत आली आणि दहाव्या खेपेला माप जुळलं. १५० मिलिमीटर लांबीवर फरक ०.०१ च्या आत.

हेच आम्ही पहिल्या दिवशी केलं असतं, निदान शाफ्ट तीन ठिकाणी मोजला असता, तर चाचींची कणीक वाया गेली नसती.

टूलची उंची

टूलचं टोक जॉबच्या मध्याच्या उंचीवर असायला हवं. खाली किंवा वर असेल तर फेसिंग करताना मधोमध बारीक टोक उरतं. पाहायची सोपी युक्ती आहे. मशीन बंद ठेवून, गोल रॉड आणि टूलचं टोक यांच्यामध्ये लोखंडी पट्टी हलकेच दाबून धरायची. पट्टी उभी राहिली तर उंची बरोबर. पट्टीचं वरचं टोक आपल्याकडे झुकलं तर टूल खाली आहे. पलीकडे झुकलं तर वर आहे.

मूळ टूल पोस्टमध्ये दर वेळी टूलखाली पत्र्याचे तुकडे घालावे लागत. इथे आम्ही पैसे खर्च केले आणि झटपट बदलता येणारा टूल पोस्ट घेतला. त्यात प्रत्येक टूलचा वेगळा होल्डर असतो आणि उंची एकदा स्क्रूने ठरवली की कायम राहते. आमचा सगळ्यात मोठा खर्च हाच आणि त्याचा पस्तावा कधी झाला नाही.

वेगाचाही हिशोब शिकलो. साधं पोलाद आणि एचएसएसचं टूल असेल तर मिनिटाला साधारण २५ मीटर कापण्याचा वेग धरायचा. २० मिलिमीटरच्या रॉडसाठी तो सुमारे ४०० फेरे होतो. आम्ही पूर्वी याच्या दुपटीने चालवत होतो आणि टूल सारखं बोथट होतं म्हणून बाजाराला नावं ठेवत होतो.

लेथने स्वतःसाठी केलेले भाग

लेथची एक गंमत आहे. त्याच्या बऱ्याचशा सुधारणा त्याच्यावरच करता येतात.

आम्ही पहिला भाग केला तो सॅडलचं कुलूप. फेसिंग करताना कापण्याच्या जोराने सॅडल मागे सरकतं आणि पृष्ठभाग सपाट येत नाही. बेडच्या कडेखाली एक छोटी प्लेट आणि वरून एक बोल्ट. बोल्ट आवळला की सॅडल जागेवर घट्ट. दोन तासांचं काम, पण फरक लगेच दिसला.

दुसरा भाग टेलस्टॉकचा लिव्हर. मूळ टेलस्टॉक दर वेळी पाना लावून आवळावा लागे. त्याऐवजी मध्यापासून थोडी सरकलेली गोलाई असलेला एक दांडा केला. लिव्हर फिरवला की ती गोलाई खालची प्लेट वर ओढते आणि टेलस्टॉक जखडतो. अशी सरकलेली गोलाई तीन जबड्यांच्या चकातही करता येते, एका जबड्याखाली पट्टीचा तुकडा घालून. ताईने त्याचा हिशोब वहीत मांडला, भाऊ मशीनवर उभा राहिला. पहिला दांडा फुकट गेला. दुसरा आजही चालतो आहे.

बेअरिंग शेवटी

हे सगळं झाल्यावर स्पिंडलकडे वळलो. आमच्या मशीनमध्ये ६२०६ क्रमांकाची साधी बॉल बेअरिंगं होती. त्यांचं माप ३० × ६२ × १६. लांबीच्या दिशेने येणारा जोर घ्यायला ती फारशी योग्य नसतात. अनेक जण तिथे ३०२०६ क्रमांकाची निमुळत्या रोलरची बेअरिंगं बसवतात. ती मजबूत असतात, पण त्यांची रुंदी १७.२५ मिलिमीटर असते, त्यामुळे आतले स्पेसर कमी करावे लागतात. आम्ही ७२०६ क्रमांकाची घेतली. ती तिरका जोर घेतात आणि त्यांचं माप मूळ बेअरिंगइतकंच असतं. दोन्ही एकमेकांच्या उलट दिशेने बसवायची आणि मागच्या नटने त्यांच्यावर किंचित दाब ठेवायचा. दाब कमी राहिला तर स्पिंडल ढिला, जास्त झाला तर बेअरिंग तापतं. अर्धा तास चालवून हेडस्टॉकला हात लावून पाहिलं. कोमट लागला, चटका नाही.

बेअरिंग बदलल्यावर रॉड कापून वेगळा करणं, म्हणजे पार्टिंग, सोपं झालं. पूर्वी तिथे टूल हमखास अडकायचं. त्यानंतर दोन कड्यांची चाचणी पुन्हा केली, कारण एक गोष्ट बदलली की जुनं माप गृहीत धरायचं नाही.

काय केलं नाही

धातूचे गिअर बसवले नाहीत. एकदा आमच्या चुकीने सॅडल चकावर आदळलं तेव्हा प्लास्टिकच्या एका गिअरचे दात तुटले. तो गिअर स्वस्तात बदलला. तिथे धातूचा गिअर असता तर धक्का मोटारीला किंवा तिच्या सर्किटला बसला असता. घरात फ्यूज असतो तसा तो प्लास्टिकचा गिअर आहे.

जास्त ताकदीची मोटार घेतली नाही. डिस्प्लेही अजून घेतलेला नाही. तो सोयीचा आहे, पण पिळलेल्या बेडवर लावलेला डिस्प्ले फक्त चुकीचे आकडे ठळक दाखवतो.

जुनी वाट

हा छंद नवा नाही. लंडनचा हेन्री मॉडस्ले (१७७१–१८३१) हा आधुनिक स्क्रू कापणाऱ्या लेथच्या जनकांपैकी एक. १८०५ च्या सुमारास त्याने आपल्या टेबलावर ठेवायला एक मायक्रोमीटर तयार केला. कारखान्यात त्याचं नाव पडलं 'लॉर्ड चॅन्सेलर', म्हणजे शेवटचा न्यायाधीश. मापाचा वाद झाला की निकाल तिथे लागायचा. घरी लेथ चालवणाऱ्यांसाठी 'मॉडेल इंजिनिअर' हे मासिक इंग्लंडमध्ये १८९८ साली निघालं. नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन गावात १९४६ साली मायफर्डचा एमएल-७ लेथ आला आणि तिथल्या कितीतरी घरांत पोहोचला. अमेरिकेत डेव्हिड गिंजरी यांनी १९८० पासून भंगारातलं ॲल्युमिनियम ओतून घरीच लेथ कसा करायचा यावर पुस्तकं लिहिली. या सगळ्यांचा धडा तोच, जो अब्बांनी खुर्चीत बसून दिला. निकाल मापाचा असतो, मशीनच्या किमतीचा नसतो.

जिवापेक्षा छंद मोठा नाही

आमच्या घरात काही नियम भिंतीवर लिहिले आहेत. लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, फिरणारा जॉब हातमोज्यासकट हात ओढून घेतो. बाह्या कोपरापर्यंत दुमडायच्या किंवा मनगटाला घट्ट. ओढणी काढून ठेवायची. ताई डोक्याला छोटा स्कार्फ बांधते आणि त्याची टोकं आत खोचून पिन लावते. डोळ्यांना चष्मा हवाच. चकाची चावी कधीही चकात सोडायची नाही, हात सुटला की चावी बाहेर. लोखंडाचा लांब कीस हाताने ओढायचा नाही, आकडा वापरायचा. पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून फिरत्या जॉबवर धरायचा नाही. चकावरचं झाकण आणि त्याचा स्विच काढून टाकायचा नाही.

मशीनला पक्कं अर्थिंग असू द्या. वेग बदलणाऱ्या सर्किटमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ वीज साठून राहू शकते, म्हणून ते घरी खोलू नका. लहान मुलं खोलीत असतील तर मशीन बंद. उपवासात दुपारी थकवा वाटत असेल तरी मशीन बंद. रमजानमध्ये आम्ही लेथवर फक्त सकाळीच काम करतो.

यंदाचा शाबान

यंदा चाचींनी दुसरं मशीन घेतलं. जुनंच, पण चालू. त्याचाही शाफ्ट बदलायचा होता. चाची दारात उभ्या राहिल्या, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो.

"वर्कशॉपमधून करून आणतो, चाची," आम्ही म्हणालो.

"का? तुमचं मशीन बिघडलं का?"

अब्बा आतून म्हणाले, "मशीन नीट आहे. पोरं घाबरली आहेत." थोडं थांबून म्हणाले, "घाबरली आहेत म्हणूनच यांना काम द्या."

शाफ्ट करायला तीन संध्याकाळी लागल्या. शेवटचे ०.०२ मिलिमीटर आम्ही हलक्या कटांनी आणि पॉलिशने उतरवले. थंड होऊ दिला. मग दोन्ही टोकांना आणि मध्ये, तीन ठिकाणी मोजला. आधी ताईने मोजला, मग भावाने, दोघांनी आकडे एकमेकांना न दाखवता लिहिले. जुळले. तिन्ही ठिकाणी २०.०१. मग अब्बांनी आपल्या जुन्या मायक्रोमीटरने पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि शाफ्टला तेल लावून कागदात गुंडाळला.

त्या कागदावर आम्ही तीन आकडे आणि तारीख लिहून दिली. चाचींना वाचायला चष्मा लागला.

"हे कशाला?" त्यांनी विचारलं.

"माप आहे, चाची. पुढे कधी काही झालं तर आम्हाला दाखवा. चूक कुठे झाली ते कळेल."

चाचींनी कागदाची घडी केली आणि मशीनच्या डब्यात पान्यांजवळ ठेवली. दुसऱ्या दिवसापासून सोप्यात दोन मशिनं चालू झाली. आम्ही रोज जाता-येता दारात थांबतो, आवाज ऐकतो आणि बेअरिंगच्या डब्यावर हात ठेवून बघतो. अजून तरी कोमटच आहे.